आबा गाडीत बसले तो पाडवा

पिवळी गाडी आमच्या दारात आली ती धारा काढायच्या वेळेला, त्यामुळं तिला ओवाळायला घरात कुणीच मोकळं नव्हतं. आबा म्हशीखाली बसलेले, आईचे हात शेणात, आणि मी सरकीपेंडीची पाटी कमरेवर घेऊन गोठ्याच्या दारात उभी. दादानं हॉर्न वाजवला आणि मैनेनं, म्हणजे आमच्या सगळ्यांत लाडक्या म्हशीनं, पान्हा चोरला. आबांनी मान वळवून बघितलं. गुडघ्याएवढ्या उंचीची, दोन दारांची, लिंबासारखी पिवळीजर्द गाडी आणि तिच्यात मावून बसलेला आमचा दादा. "कुणाची रं ही?" आबांनी विचारलं. "आपलीच की," दादा म्हणाला. "दोघंच बसत्यात हिच्यात?" "व्हय, स्पोर्ट्स गाडी हाय आबा, दोघंच बसत्यात." "मग उरल्यालं घर काय चालत यायचं व्हय रं?" असं म्हणून आबांनी पुन्हा मैनेच्या कासेला हात लावला. स्वागत म्हणून जे काय झालं ते एवढंच.

कसबा बावड्यात आमचं घर म्हणजे पुढं स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागं त्याहून मोठा गोठा. साखर कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. गळीत सुरू झालं की मळीचा वास घरभर भरायचा. भाकरीला, अंथरुणाला, माझ्या वेणीलासुद्धा. बाहेरचे पावणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला कळायचंच नाही की कशाला. पहाटे बादलीत धारेचा आवाज सुरू व्हायचा. आधी पत्र्यावर टणटण आणि बादली भरत आली की घुमल्यासारखा. त्या आवाजावर आई चूल पेटवायची. आबा पहिल्या पेल्याचं दूध तिथंच गोठ्यात, फेसासकट, एका दमात प्यायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, "झालं, आता दिवस आला तरी चालतंय."

आबा तरुणपणी तालमीत घुमलेले. लाल माती सुटली तरी अंग सुटलं नव्हतं. ते ओट्यावर बसले की ओट्यालासुद्धा कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. लग्नाकार्यात त्यांना कुणी प्लास्टिकची खुर्ची देत नसे. "आबा आले, बाक आणा," अशी हाळी आत जायची आणि दोघं जण लाकडी बाक उचलून आणायचे. तो बाक आबांच्यासाठी येतोय हे सगळ्या मांडवाला दिसावं म्हणून मी मुद्दाम त्याच्या मागोमाग चालायची. आमच्याकडं जमीन बेताची, शिक्षण त्याहून बेताचं, पण आबांचं ते वजन म्हणजे घरातला दागिना होता. आई चार भाकरी वाढून वर विचारायची, "आणि एक घालू न्हवं?" आणि आबांनी नको म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि दुसरा दागिना म्हणजे मैना. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो, हसू दे. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि मालकानं फटफटीचा सायलेन्सर काढून तिच्यावर बसायचं, हाक मारायची आणि म्हशीनं त्या फटफटीमागं जिवाच्या आकांतानं पळायचं. दोरी नाही, काठी नाही. मालकाची हाक आणि म्हशीची माया, एवढ्यावर सगळं. मारुतीच्या देवळापासून पहिली म्हैस सोडायचा मान आमच्या घरचा होता. मान असा की म्हैस पळाली तर तुमचा, नाही पळाली तर पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. आबांचा मान कधी हुकला नव्हता. ते "मैनाऽऽ, ये गं माझी बाय" म्हणायचे आणि ती एवढी अवाढव्य म्हैस पोरीसारखी धावत सुटायची.

दादा शिरोलीला एका फाउंड्रीत नोकरीला होता. गाडी त्यानं पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली घेतली होती, स्वतःच्या कमाईवर. नाद होता त्याला पहिल्यापासून. पण नुसता नाद नव्हता तो. आबांनी एकदा तरी शेजारी बसावं, गावातनं मिरवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तोंडानं तो कधी बोलला नाही. पण रोज कामावरनं आला की गाडी पुसायचा आणि डावीकडची सीट, जिथं कुणीच बसलेलं नसायचं, ती दोनदा पुसायचा. आबा ओट्यावरनं बघायचे आणि म्हणायचे, "पुस, पुस. म्हस एवढी पुसली असतीस तर दोन लिटर जादा दिली असती."

आता चाकांचं सांगते. गाडी देखणी होती, पण चाकं आत घुसलेली. मडगार्डच्या आत चाक एवढं खोल की दात पडलेल्या म्हाताऱ्याची गालफडं जशी. दादाला ते बघवेना. "तालमीत पैलवान कसा उभा ऱ्हातो? पाय फाकून. गाडी तशी उभी ऱ्हायला पायजे," तो म्हणायचा. मोठी काळी अलॉयची चाकं घ्यायची हे ठरलं, पण ती किती बाहेर काढायची याच्यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला. आमच्या म्हणजे माझा आणि दादाचा. आई म्हणाली, "चाक फिरतंय न्हवं? मग झालं की," आणि विषय तिच्यापुरता संपला. मी कॉलेजला होते, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दादानं मला विचारलं याचाच मला कोण तोरा. शेजारी बंगल्याचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या गवंड्याचा ओळंबा मी मागून आणला. मडगार्डच्या कडेवर दोरी धरायची, ओळंबा खाली सोडायचा, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास धरायचा, आणि मग दोरीपासून टायरपर्यंतची जागा स्टीलच्या पट्टीनं मोजायची. मी दोरी धरायची, दादा शेणानं सारवलेल्या अंगणात पालथा पडून मोजायचा. मग प्लायवूडच्या चकत्या कापून चाक आणि ते ज्याच्यावर बसतं तो हब यांच्या मधे घालून बघायचं की एवढं बाहेर आलं तर कसं दिसतंय. गाडी नुसती जागेवर उभी. लांब जाऊन बघायचं, उकिडवं बसून बघायचं, गोठ्याच्या दारातनं बघायचं. "अजून जरा," दादा म्हणायचा. "अजून जरा," मीही म्हणायची.

माझा मुलगा आज मोबाईलवर बोट फिरवून गाडीचं नाव घालतो आणि कुठलं चाक, किती ऑफसेट, कितीचा स्पेसर हे सगळं त्याला चित्रासकट दिसतं. त्याला मी ओळंब्याचं सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तुम्ही घर बांधत होता का गाडी?" मी त्याला एक रट्टा दिला, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

प्लायवूडचा आकार पक्का झाल्यावर आम्ही उद्यमनगरात मल्लूआण्णांच्या लेथवर गेलो. कानडी वळणाचं बोलणं, कपाळाला विभूती, आणि आवाज मशीनच्या वर. अल्युमिनियमचे जाड गोल तुकडे त्यांनी लेथला लावले, भुशासारखी चकचकीत कात पडायला लागली आणि स्पेसर, म्हणजे आमच्या प्लायवूडच्या चकत्यांच्या जागी बसायच्या धातूच्या चकत्या, तयार व्हायला लागले. त्यासाठी लांब बोल्ट घ्यायचे, मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, हे सगळं त्यांनी चोख केलं. पण शहाणपणाचे दोन शब्द सांगतील तर ते मल्लूआण्णा कसले! उलट दादाच्या वरताण. "मागल्या चाकाला अजून दोन मिली काढू की रे तम्मा, नाद खुळा दिसंल!" आणि दादानं काढायला लावले. गाडीच्या स्प्रिंगाही त्यानं बदलून घेतल्या, त्यामुळं गाडी आणखी खाली बसली. चाकं चढवली त्या दिवशी दादानं मला शेजारी बसवून शिये फाट्यापर्यंत फेरी मारली. खड्ड्यात घातली, गतिरोधकावरनं नेली, स्टिअरिंग पार या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. कुठं घासलं नाही, कुठं आवाज नाही. मी तेव्हा काडीपैलवान, वारा आला तर दप्तर धरून उभी राहणारी. पण ती गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही.

दिवाळीला महिनाभर असताना आबा गोठ्यात घसरले. गुडघ्याला प्लास्टर बसलं. दवाखान्यातनं आल्यावर आबांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "पाडवा किती दिसांवर हाय?" फटफटीवर बसणं शक्य नव्हतं. आबा ओट्यावर पाय लांब करून बसायचे आणि मैनेकडं बघत राहायचे. घर कसं सुतक पडल्यासारखं. तेव्हा दादा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "आबा, मैना फटफटीवर येती का तुमच्या हाकंवर?" "हाकंवर. फटफटीला काय चाटायचंय तिला?" "मग तुमी माझ्या गाडीत बसा. मी चालवतो, तुमी खिडकीतनं हाक मारा." आबांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी खवचट बोलणार. पण ते म्हणाले, "बघू या की मग तुझी गाडी." दादा आत आला, माठातलं पाणी प्याला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे डोळे भरलेत हे मला दिसू नये म्हणून.

सरावही झाला. आबा ओट्यावरनं हाक मारायचे, दादा गल्लीतनं गाडी हळू पुढं काढायचा, मी मैनेला दाव्यानं धरून गाडीमागं. दोनचार दिवसांत मैना त्या पिवळ्या रंगाला सरावली. फक्त आबा काही गाडीत बसले नाहीत, कारण प्लास्टरचा पाय त्या बुटक्या दारातनं आत जात नव्हता. प्लास्टर निघालं ते पाडव्याच्या आदल्या दिवशी.

पाडव्याला मारुतीच्या देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलगी कडकडत होती, माईकवर कुणीतरी ओरडत होता, आणि पोरांच्या हातात तेव्हा नवीनच आलेले कॅमेऱ्याचे मोबाईल. मैनेच्या शिंगांना मी स्वतः शेंदरी रंग दिला होता. आबांनी गुलाबी फेटा बांधला होता, पांढरा नेहरू शर्ट, हातात काठी. पिवळी गाडी बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती चाकं उन्हात अशी काय दिसत होती म्हणता! मडगार्डच्या कडेला कड लावून, बरोबर. माझ्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांना मी सांगितलंसुद्धा, "मापं मी घेतल्यात."

आबा बसायला लागले. आधी दुखरा पाय आत, मग वाकून अंग आत, मग तो पाय अडकला म्हणून पुन्हा बाहेर. "आबा, वरनं सोडू काय क्रेननं?" कुणीतरी ओरडलं. आबा हसले. शेवटी ते सीटवर टेकले आणि गाडी डाव्या अंगाला खाली गेली. दादानं गियर टाकला, आबांनी खिडकीतनं हात बाहेर काढून हाक घातली, "मैनाऽऽ, ये गं माझी बाय!" मैना उसळली, गाडी हलली, आणि मागच्या डाव्या चाकातनं असा काही आवाज आला की हलगीवाल्याचा हात थांबला. करवतीनं पत्रा कापावा तसा. मैना दचकून मागं सरली. दादानं गाडी थांबवली, उतरून बघितलं, परत बसला, परत हळू सोडली. पुन्हा तोच आवाज, आणि या वेळी मडगार्डमधनं काळा धूर. टायर मडगार्डच्या कडेवर सोलून निघत होता. रबर जळल्याचा वास सुटला. गर्दीतनं एक जण ओरडला, "जाळ आन धूर संगटच!" आणि सगळं बावडं हसायला लागलं. माईकवाला म्हणाला, "आबांचा भार गाडीला पेलंना झालाय वाटतं, मंडळी!" पुन्हा हशा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आबांच्यासाठी बाक आणणारी माणसंच होती ती. तेच वजन आणि तीच माणसं.

दादा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याचं तोंड लालभडक. आबांच्याकडं न बघता तो म्हणाला, "आबा, तुमी उतरा."

मी दाराजवळच होते, म्हणून मला ते ऐकू आलं. आबांनी दार उघडलं, दुखरा पाय आधी बाहेर टाकला, मग हातानं रस्त्याला टेकून उठायला लागले. गाडी एवढी खाली की त्यांना जवळजवळ रांगतच बाहेर यावं लागलं. फेटा दाराच्या वरच्या कडेला अडकून सुटला आणि त्याचा शेव आत सीटवर राहिला. मी पुढं होऊन हात दिला. मोबाईल सगळे आमच्यावर रोखलेले. आबा उभे राहिले, फेटा गोळा करून काखेत मारला, आणि त्या मागच्या चाकापाशी गेले. मडगार्डवर त्यांनी हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवायचे तसा. मग गर्दीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "हसताय काय रं? पोरानं माझ्या चाकं लई झाक बसवल्यात. गाडीचा काय दोष न्हाय. माझंच वजन वाढलंय, घरात बसून बसून." आणि दादाला खिडकीतनं म्हणाले, "तू हो म्होरं. मी हितनं हाक मारतो."

दादा पुढं गेला. गाडी हलकी झाल्याबरोबर आवाज गप्प. काळी चाकं कशी लोण्यातनं फिरल्यासारखी फिरत गेली, आणि खरंच देखणी दिसत होती. हे लिहितानाही मला लाज वाटते. आबांनी काठीवर रेलून हाक मारली. मैनेनं पुढं जाणाऱ्या गाडीकडं बघितलं, मग मागं हाकेकडं बघितलं, आणि आबांच्या जवळ येऊन उभी राहिली. तिच्या दृष्टीनं तिनं सांगितल्यासारखंच केलं होतं. पण पळणं झालं नाही. माईकवर दुसऱ्या गल्लीतल्या बापूंच्या म्हशीचा पुकारा झाला, ती पळाली, आणि मान तिकडं गेला. गर्दीत अडकलेला दादा लांब पुढं, एकटाच, शेजारची सीट रिकामी. मी, आबा आणि मैना मागच्या वाटेनं चालत घरी आलो. आबा लंगडत होते.

संध्याकाळी पाडव्याची ओवाळणी. आईनं ओवाळलं, मग मी ओवाळलं. दादा दारात उभा. ताटात करंज्या, चकल्या, कडबोळी. आबांनी एक करंजी मोडून अर्धी परत ठेवली. आईला कुणीतरी सगळं सांगितलं होतंच, तरी ती म्हणाली, "अवं, खावा की. पोटात दुखतंय काय?" "न्हाय. बास झालं," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे बादलीतला धारेचा आवाज आला, पण पेल्यात ओतल्याचा आवाज आला नाही. आबांनी दूध तसंच डेअरीला घातलं. भाकरी चारावरनं दोनावर आली. आई रडली, भांडली, शपथा घातल्या. "कमी केल्यालं बरं असतंय," एवढंच उत्तर. आईचा पहिल्यांदा विश्वासच बसेना की या माणसानं ते मनावर घेतलंय. मला मात्र बसला, कारण मी ते त्यांचं गर्दीपुढचं बोलणं ऐकलं होतं. त्या वेळी आम्हाला वाटलं होतं, त्यांनी दादाला वाचवायला तसं म्हटलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

दादानं स्पेसर काढले. जुनी चाकं चढवली, जुन्या स्प्रिंगा शोधून आणल्या. पुन्हा चाकं मडगार्डच्या आत, म्हाताऱ्याच्या गालफडासारखी. मग एका रविवारी त्यानं गाडी ओट्याला लावली, डावं दार उघडलं आणि म्हणाला, "आबा, बसा की. आता घासत न्हाय. चला, जोतिबाला जाऊन येऊ." आबांनी त्याच्याकडं मायेनंच बघितलं. "थांब की जरा," ते म्हणाले, "अजून थोडं कमी हुं दे." दादा दार धरून उभाच राहिला. त्यानंतर त्यानं खूपदा विचारलं, आणि दर वेळी तेच उत्तर आलं. शेवटी त्यानं गाडी हातकणंगल्याच्या एका पोराला देऊन टाकली. त्या दिवशी आबांनी विचारलं, "का रं, चांगली हुती की."

ती क्लिप तेव्हा ब्लूटूथनं अख्ख्या कोल्हापुरात फिरली. यंदा कुणीतरी ती परत वर काढली, खाली गाणं घातलं, आणि माझ्या मुलानं हसत हसत मला दाखवली. हे आपले आबा आजोबा आहेत हे त्याला ओळखूच आलं नाही. त्यानं बघितलेले आबा म्हणजे हाडाचा सापळा, उचलून खुर्चीत ठेवता येतात असे. मी त्याला सांगितलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

मागच्या आठवड्यात आबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी माहेरी आले होते. दादाची आता मोठी, उंच, सात माणसांची गाडी आहे. त्यानं ती दाराशी लावली, पायाखाली स्टूल ठेवलं, आणि आम्ही दोघांनी आबांना दोन्ही काखांत धरून आणलं. अंगात काहीच राहिलेलं नाही. माझ्या एका हातावर भार आला तरी कळला नाही. दारापाशी आबा थांबले. काठी टेकून त्यांनी मागच्या चाकाकडं बघायचा प्रयत्न केला, पण मोतीबिंदूतनं काही दिसत नव्हतं. मग दादाच्या दंडावर हात ठेवून हळूच विचारलं, "चाक घासणार न्हाय न्हवं रं?"

आबांना माझ्या हातात देऊन दादा गाडीच्या मागं गेला, पन्नाशीच्या घरातला माणूस रस्त्यावर गुडघे टेकून बसला, मडगार्डच्या आत हात घालून त्यानं सगळीकडनं चाचपून बघितलं. मग उठून, शर्टाला हात पुसत आबांच्यापुढं आला आणि म्हणाला, "न्हाय आबा. बसा."